लघुरेल्वेच्या देखाव्यातील सूक्ष्म घटकांचे आरेखन व रेझिन मुद्रण : बार्शी लाइट रेल्वेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
लघुरेल्वेच्या मांडणीत गाडी व रूळ यांच्याइतकेच महत्त्व भोवतालच्या देखाव्याला असते. फलाटावरील बाकडे, स्थानकाचा नामफलक, कंदील, खिडकीचे गज, प्रवाशांच्या आकृती अशा बारीकसारीक वस्तूंमुळे त्या मांडणीला स्थळ व काळ प्राप्त होतो. या वस्तू युरोप-अमेरिकेच्या संदर्भात तयार मिळतात. भारतीय संदर्भात मात्र त्या बहुतांशी स्वतःच घडवाव्या लागतात. संगणकीय आरेखन व रेझिन मुद्रण यांमुळे हे काम घरच्या घरी शक्य झाले आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे तत्त्व, टप्पे व मर्यादा स्पष्ट केल्या असून, सर्व मापे सारख्याच प्रमाणात लहान केल्याने प्रतिकृती विश्वसनीय होत नाही, हा मुद्दा उदाहरणांसह मांडला आहे.

बीजसंज्ञा : लघुरेल्वे, प्रमाण, रेझिन मुद्रण, आरेखन, नॅरोगेज, बार्शी लाइट रेल्वे.

प्रस्तावना :
आगगाडीची प्रतिकृती हे प्रथमतः खेळणे होते. जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये खेळण्यातील रुळांच्या रुंदीची ठराविक मापे बाजारात आणली आणि एका संचाचे रूळ दुसऱ्या संचाला जोडता येऊ लागले. विसाव्या शतकात या खेळण्याचे रूपांतर प्रमाणबद्ध प्रतिकृतीच्या छंदात झाले. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने मापांचे प्रमाणीकरण पुढे नेले. हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेले मिनिआटुर वुंडरलांड हे या छंदाचे भव्य सार्वजनिक रूप होय. महाराष्ट्रात पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना हे विश्व दाखवीत आले आहे.

या छंदात सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’ हे असून त्यात मूळ वस्तू ८७ पटीने लहान केली जाते. या प्रमाणातील घरे, झाडे व माणसांच्या आकृती जर्मनीतील फालर, प्रायझर यांसारख्या कंपन्या अनेक दशकांपासून पुरवीत आहेत. परंतु त्या घरांची छपरे बव्हेरियातील असतात आणि फलाटावरची माणसे ओव्हरकोट घातलेली असतात. धोतर नेसलेला शेतकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी स्त्री किंवा देवनागरी अक्षरांतील पिवळा नामफलक त्यांच्या यादीत सहसा आढळत नाही. ही उणीव भरून काढण्याचे एक प्रभावी साधन म्हणून रेझिन मुद्रणाचा विचार करणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :
१. रेझिन मुद्रणामागील शास्त्रीय तत्त्व थोडक्यात समजावून देणे.
२. भारतीय रेल्वेच्या संदर्भात प्रमाणाचा प्रश्न स्पष्ट करणे.
३. सूक्ष्म घटकांचे आरेखन करताना कोणते माप कायम ठेवावे व कोणते बदलावे याचे सूत्र मांडणे.
४. नामशेष झालेल्या रेल्वेच्या नोंदी या दृष्टीने अशा प्रतिकृतींचे मोल तपासणे.

बार्शी लाइट रेल्वेची निवड :
एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून उभी राहिलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा होता. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू नये, या तत्त्वावर तिची सर्व वाहने बेतलेली होती. पुढे हा मार्ग एका बाजूस लातूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस पंढरपूरवरून मिरजेपर्यंत (१९२७) वाढला. १९५४ मध्ये ही रेल्वे शासनाच्या ताब्यात आली. भारतीय रेल्वेने १९९२ मध्ये एकाच रुंदीच्या रुळांचे धोरण हाती घेतल्यावर, २००० नंतरच्या सुमारे दशकभरात या मार्गाचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. पंढरीच्या वारकऱ्यांना नेणारी ही छोटी गाडी आज केवळ छायाचित्रांत व जुन्या लोकांच्या स्मरणात उरली आहे. म्हणून तिच्या स्थानकाचा देखावा उभारणे हा छंदाबरोबरच स्थानिक इतिहासाच्या नोंदीचाही भाग ठरतो.

या निवडीमागे एक तांत्रिक कारणही आहे. एचओ प्रमाणात भारतातील रुळांची रुंदी पुढीलप्रमाणे येते :

१. ब्रॉडगेज – मूळ १६७६ मिमी. ८७ ने भागल्यास १९.२६ मिमी, उपलब्ध रूळ १६.५ मिमी.
२. मीटरगेज – मूळ १००० मिमी, भागाकार ११.४९ मिमी, उपलब्ध रूळ १२ मिमी.
३. नॅरोगेज – मूळ ७६२ मिमी, भागाकार ८.७६ मिमी, उपलब्ध रूळ ९ मिमी.
४. माथेरानची ६१० मिमी नॅरोगेज – भागाकार ७.०१ मिमी, उपलब्ध रूळ ६.५ मिमी.

एचओचे १६.५ मिमी रूळ हे मुळात युरोप-अमेरिकेतील १४३५ मिमी रुंदीसाठी ठरविलेले आहेत. त्यांवर भारतीय ब्रॉडगेजची गाडी उभी केल्यास रूळ सुमारे चौदा टक्क्यांनी अरुंद पडतात आणि गाडी पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. बार्शी लाइट रेल्वेच्या बाबतीत मात्र ही तफावत तीन टक्क्यांहून कमी आहे. ९ मिमी रूळ बाजारात मिळत असल्याने मार्गाचा प्रश्न बहुतांशी सुटतो आणि कारागिराचे सारे लक्ष देखाव्याकडे वळू शकते.

रेझिन मुद्रणाचे तत्त्व :
प्रकाशाच्या साहाय्याने द्रव रेझिन थराथराने घट्ट करून घन वस्तू बनविण्याची कल्पना जपानमधील हिदेओ कोदामा यांनी १९८०–८१ च्या सुमारास मांडली. अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये अशाच पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९८६ मध्ये ते त्यांना मिळाले. दीर्घकाळ ही यंत्रे केवळ उद्योगांना परवडणारी होती. साधारणतः २०१८ नंतर द्रवस्फटिक पडद्याचा उपयोग करणारी स्वस्त यंत्रे बाजारात आली आणि हे तंत्र छांदिष्टांच्या टेबलावर पोहोचले.

या यंत्रातील रेझिन हे मुख्यतः ॲक्रिलेट गटातील लहान रेणूंचे मिश्रण असते. त्यात प्रकाश शोषून विक्रियेला आरंभ करून देणारे द्रव्य मिसळलेले असते. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश पडताच हे लहान रेणू एकमेकांशी जोडले जाऊन जाळे तयार होते आणि द्रवाचा घन होतो. रेझिनच्या पात्राचा तळ पारदर्शक पापुद्र्याचा असतो. त्याखालील पडदा वस्तूच्या एका छेदाच्या आकारापुरताच प्रकाश वर जाऊ देतो. एक थर घट्ट झाला की वस्तू ज्या पट्टीला चिकटलेली असते ती वर उचलली जाते, थर पापुद्र्यापासून सुटतो आणि पुढील थरासाठी नवे रेझिन खाली येते. थराची जाडी सामान्यतः ०.०३ ते ०.०५ मिमी ठेवतात.

संपूर्ण थर एकाच वेळी घट्ट होत असल्याने मुद्रणाचा वेळ वस्तूंच्या संख्येवर अवलंबून नसून उंचीवर अवलंबून असतो. १२ मिमी उंचीच्या मुद्रणात ०.०५ मिमीचे २४० थर होतात. प्रत्येक थरास आठ सेकंद धरल्यास सुमारे ३२ मिनिटे लागतात. आरंभीच्या थरांना अधिक प्रकाश द्यावा लागत असल्याने त्यात थोडी भर पडते. पट्टीवर एक बाकडे असो वा वीस, हा वेळ तोच राहतो. स्थानकासाठी एकाच नमुन्याच्या अनेक वस्तू लागत असल्याने ही बाब विशेष उपकारक ठरते.

प्रमाणाचा पेच :
प्रतिकृती म्हणजे मूळ मापांना ८७ ने भागणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. रुळापासून इमारतीपर्यंतच्या मोठ्या मापांना ती लागू पडते. वस्तू जसजशी सूक्ष्म होत जाते तसतशी ही समजूत अपुरी ठरते. येथे दोन मर्यादा एकमेकींसमोर उभ्या राहतात.

पहिली मर्यादा डोळ्याची होय. निरोगी डोळ्यास साधारणतः एक कलाइतक्या कोनातील अंतर वेगळे ओळखता येते. अर्ध्या मीटरवरून पाहताना हे अंतर सुमारे ०.१५ मिमी भरते. एचओ प्रमाणात ते मूळ वस्तूतील १३ मिमी मापाएवढे होते. यापेक्षा लहान तपशील एकमेकांत मिसळून जातात. गडद पार्श्वभूमीवरील एखादी उजळ रेषा याहून बारीक असूनही जाणवू शकते, हा अपवाद लक्षात ठेवावा.

दुसरी मर्यादा पदार्थाची होय. यंत्राच्या पडद्यावरील एक बिंदू सुमारे ०.०२ ते ०.०५ मिमी इतका लहान असला, तरी घट्ट झालेले रेझिन ठिसूळ असते. दोन टोकांमध्ये मोकळी राहणारी काडी साधारणतः ०.३ मिमीपेक्षा बारीक असल्यास धुताना, आधार तोडताना किंवा रंगविताना मोडण्याचा संभव असतो. ०.३ मिमी म्हणजे मूळ वस्तूतील २६ मिमी.

याचा अर्थ असा की मूळ वस्तूतील १३ मिमीपेक्षा लहान तपशील सोडून दिला तरी बहुधा चालतो आणि २६ मिमीपेक्षा मोठा तपशील आहे त्या प्रमाणात उतरतो. खरी कसोटी या दोहोंमधील पट्ट्यात लागते. खिडकीचे गज, शिडीच्या पायऱ्या, बाकड्याच्या फळ्यांची जाडी, पताकेची काठी या सर्व वस्तू नेमक्या याच पट्ट्यात येतात. त्या दिसतात म्हणून वगळता येत नाहीत आणि टिकत नाहीत म्हणून प्रमाणात ठेवता येत नाहीत. त्यांच्याबाबत आरेखन करणाऱ्यास निर्णय घ्यावा लागतो.

सूक्ष्म घटकांची उदाहरणे :

(अ) फलाटावरील बाकडे : समजा, मूळ बाकड्याच्या बैठकीत ७५ मिमी रुंदीच्या पाच फळ्या असून त्यांमध्ये १५ मिमीच्या चार फटी आहेत. बैठकीची एकूण खोली ४३५ मिमी, म्हणजे प्रतिकृतीत ५ मिमी होते. सरळ भागाकार केल्यास फळी ०.८६ मिमी व फट ०.१७ मिमी येते. इतक्या अरुंद फटीत रेझिन अडकून राहते आणि बाकड्याची बैठक सलग पाट बनते. फट ०.३० मिमी व फळी ०.७६ मिमी केल्यास एकूण खोली पूर्वीइतकीच, ५ मिमी, राहते. बाहेरचे माप कायम ठेवून आतली वाटणी बदलल्यामुळे बाकडे बाकड्यासारखे दिसते. एकूण आकृती अचूक ठेवावी आणि तडजोड तिच्या आत करावी, हा या क्षेत्रातील मूलभूत नियम मानता येईल.

(आ) नामफलक : देवनागरी फलकाचे आरेखन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ३०० मिमी उंचीचे अक्षर प्रतिकृतीत ३.४५ मिमी होते व त्याची ४५ मिमीची रेघ ०.५२ मिमी भरते. अशी उठावाची अक्षरे सुबक उतरतात. शिरोरेषेमुळे अक्षरे परस्परांशी जोडलेली राहतात आणि शब्दास बळकटी येते, हा देवनागरीचा एक लाभ होय. मात्र ‘म’, ‘भ’ यांसारख्या अक्षरांतील गाठी बुजतात. त्या आरेखनातच थोड्या मोकळ्या कराव्या लागतात. ‘पंढरपूर’मधील अनुस्वार हा एकटा बिंदू असल्याने घासताना निघू शकतो, तर ‘बार्शी’मधील रफार वेलांटीशेजारी गर्दी करतो. असे सुटे अवयव किंचित मोठे ठेवावेत आणि दोहोंमधील अंतर वाढवावे. समुद्रसपाटीपासूनची उंची दर्शविणारी तळाची ओळ अत्यंत बारीक असते. तेथील १०० मिमीची अक्षरे प्रतिकृतीत १.१५ मिमी उरतात आणि त्यांच्या गाठी पूर्णपणे भरून जातात. ही ओळ पातळ कागदावर छापून चिकटविणे अधिक योग्य ठरते.

(इ) कंदील : २५० मिमी उंचीचा कंदील प्रतिकृतीत २.९ मिमी होतो. त्याची बैठक व काच यांचे मुद्रण शक्य आहे. परंतु ४ मिमी जाडीच्या तारेची कडी ०.०५ मिमीहूनही कमी भरते. येथे रेझिनचा हट्ट न धरता विजेच्या वायरमधील तांब्याची एक बारीक तार वाकवून बसवावी. शिडीच्या पायऱ्या व मोकळे गज यांसाठीही पितळी तार अनेकदा अधिक टिकाऊ ठरते.

(ई) प्रवासी : १६५० मिमी उंचीची व्यक्ती १९ मिमी होते. या आकारात चेहऱ्यापेक्षा उभे राहण्याची ढब, फेट्याचा घेर, नऊवारी साडीचा काष्टा व खांद्यावरील पडशी यांवरून व्यक्ती ओळखू येते. म्हणून नाकडोळ्यांपेक्षा बाह्यरेषेवर परिश्रम घेणे श्रेयस्कर होय. टाळ सुमारे १ मिमीचा होतो व तो हातांशी एकजीव ठेवता येतो. पताकेची २५ मिमीची काठी ०.२९ मिमी येते. ती वेगळी तारेची करावी.

आरेखनापासून रंगकामापर्यंतचे टप्पे :

१. मोजमाप – वस्तू अस्तित्वात असल्यास संबंधित अधिकाऱ्यांच्या परवानगीने प्रत्यक्ष मापे घ्यावीत. ती नामशेष झाली असल्यास छायाचित्रांचा आधार घ्यावा. चित्रात रूळ दिसत असतील तर त्यांची ७६२ मिमी ही ज्ञात रुंदी मोजपट्टीचे काम करते. मात्र दूरची वस्तू लहान दिसत असल्याने रूळ व वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील तेव्हाच ही मोजपट्टी खरी मानावी.

२. संगणकीय आरेखन – बाकडे, फलक अशा भौमितिक वस्तूंसाठी फ्रीकॅड किंवा फ्यूजन, तर मानवी आकृतींसाठी ब्लेंडर यांसारख्या प्रणाली उपयोगी पडतात. आरेखन शक्यतो मूळ मापांत करून शेवटी लहान करावे; फुगवायची मापे त्यानंतर वेगळी बदलावीत. त्यामुळे मूळ माप व बदललेले माप यांत गोंधळ होत नाही.

३. मांडणी व आधार – वस्तू पट्टीवर सपाट ठेवल्यास प्रत्येक थरात मोठे क्षेत्र येते आणि थर सुटताना ओढ बसते. ती तिरपी ठेवून खाली आधारकाड्या द्याव्यात. काड्यांची टोके दर्शनी बाजूस न येता पाठीमागे किंवा तळाशी यावीत. कौलारू छपराचा तुकडा आडवा ठेवल्यास कौलांच्या मंद उतारावर थरांच्या पायऱ्या दिसतात. तो उभट ठेवल्यास त्या कमी जाणवतात.

४. मुद्रण – प्रकाश कमी पडल्यास बारीक भाग अपुरे राहतात व अधिक झाल्यास फटी बुजतात. म्हणून प्रथम निरनिराळ्या जाडीच्या काड्या व फटी असलेला चाचणीतुकडा काढावा. थंडीत रेझिन दाट होते व मुद्रण बिघडते; खोलीचे तापमान २० ते ३० अंश सेल्सिअस असणे इष्ट असते.

५. धुणे व पक्के करणे – तयार वस्तू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन, वाळवून, आधारकाड्या काढून जंबुपार प्रकाशात ठेवतात. पोकळ वस्तूत अडकलेले ओले रेझिन कालांतराने तडे पाडते. त्यासाठी न दिसणाऱ्या जागी निचऱ्याची छिद्रे ठेवणे अगत्याचे आहे.

६. रंगकाम – प्रथम अस्तराचा पातळ हात द्यावा. उठावाच्या अक्षरांवर सपाट स्पंजाने अलगद काळा रंग टेकविल्यास पिवळा फलक स्वच्छ उठून दिसतो.

दक्षता :
घट्ट न झालेल्या रेझिनचा त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास कायमची ॲलर्जी जडू शकते. नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा व हवेशीर जागा यांबाबत हयगय करू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने ते विस्तवापासून दूर ठेवावे. उरलेले रेझिन अथवा धुतलेले द्रव मोरीत ओतू नये. रेझिनचे अवशेष उन्हात पूर्ण घट्ट करून मगच त्यांची विल्हेवाट लावावी. लहान मुलांचा सहभाग आरेखन व रंगकामापुरता असावा.

प्रतिकृती आणि नोंद :
रेझिनची वस्तू पाहणाऱ्यास नेमकी व यांत्रिक अचूकतेची वाटते. हीच तिची दिशाभूल करणारी बाजू आहे. वर पाहिल्याप्रमाणे तिच्यातील काही मापे प्रत्यक्ष घेतलेली, काही छायाचित्रावरून काढलेली, तर काही मुद्दाम फुगविलेली असतात. पुढील पिढीतील एखाद्या अभ्यासकाने अशा बाकड्यावरून मूळ फटीचे माप काढल्यास ते २६ मिमी येईल. प्रत्यक्षात ती फट १५ मिमी होती. म्हणून प्रत्येक आरेखनासोबत एक तपशीलपत्रक जपून ठेवावे. त्यात कोणते माप कोठून मिळाले, कोणते अनुमानित आहे व कोणते का बदलले, हे नमूद असावे. आरेखनाची फाइल सहज दुसऱ्याच्या हाती जाते आणि तिच्या असंख्य प्रती निघू शकतात. त्यामुळे तीतील न सांगितलेली तडजोडही तितक्याच वेगाने पसरते.

निष्कर्ष :
१. रेझिन मुद्रणामुळे भारतीय स्थानकाचे तयार न मिळणारे घटक अल्प संख्येतही घडविणे शक्य झाले आहे.
२. बार्शी लाइट रेल्वेसारखा ७६२ मिमीचा मार्ग एचओ प्रमाणात ९ मिमी रुळांवर ब्रॉडगेजपेक्षा अधिक यथार्थ उभा राहतो.
३. मूळ वस्तूतील सुमारे १३ ते २६ मिमी मापाचे तपशील हे आरेखनकाराच्या निर्णयाचे खरे क्षेत्र होय.
४. बाह्य आकृती प्रमाणात ठेवून आतील मापांत फेरफार करणे, तसेच आवश्यक तेथे तार व कागद यांचा उपयोग करणे हितावह ठरते.
५. केलेल्या फेरफारांची लेखी नोंद ठेवल्यासच प्रतिकृतीला ऐतिहासिक साधनाचे मूल्य प्राप्त होते.

समारोप :
कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर या स्थानकांवरून आजही गाड्या धावतात. परंतु नॅरोगेजच्या काळातील फलाट व त्यांवरील साधी उपकरणे यांचे स्मरण विरळ होत चालले आहे. इंजिने क्वचित संग्रहालयात जागा मिळवितात, बाकडे आणि कंदील मात्र भंगारात जातात. त्यांची मापे घेणारा माणूस ती वस्तू नाहीशी होण्यापूर्वी तेथे पोहोचला पाहिजे. महाविद्यालयांतील इतिहास, भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी आपापल्या परिसरातील जुन्या स्थानकांची अशी मोजमापे एकत्रितपणे हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना प्रमाण, प्रकाशरसायन व स्थानिक इतिहास यांचे एकाच कामातून शिक्षण मिळेल आणि परिसराला आपल्या रेल्वेचा मोजून ठेवलेला वारसा लाभेल.